मेहर महिन्यातली हजेरी

२१ जून १९४८
कॉलेज सुरू. बी.ए.चं दुसरं वर्ष. इंग्रजीचे चार पेपर: शोकांतिका, कविता व छंद, निबंध, इंग्रजी भाषेचा इतिहास. बाकीचे विषय उर्दूतून. इंग्रजीसुद्धा निम्मी उर्दूतूनच, कारण प्रोफेसरसाहेब एक वाक्य इंग्रजीत बोलतात, वर्गाचे चेहरे बघतात आणि तेच परत उर्दूत सांगतात. त्यामुळे माझ्या वह्या उजवीकडून डावीकडे, आणि मधेच एखादा इंग्रजी शब्द उलटा चालत येतो. ही वही तेवढी मराठीत. कुणाला दाखवायची नाही म्हणून.

वर्गात मराठी बोलणारा मी एकटाच उरलो. गेल्या वर्षी चौघं होतो. दोघे कॉलेज सोडून सरहद्दीपलीकडच्या कँपात गेले, संस्थान हिंदुस्थानात सामील व्हावं म्हणून. तिसरा नागपूरला. बाबांचं गावाहून पत्र: वर्ष बुडवू नको. मी लगेच ऐकलं. इतक्या लगेच मी बाबांचं एरवी कधी ऐकत नाही.

२ जुलै
नाटकाची पुस्तकं येत नाहीत. बाहेरून माल येणंच बंद आहे. चाळीस पोरांत प्रती पाच. मी आणि यूसुफ एका प्रतीवर. दोन दिवस त्याच्याकडे, दोन दिवस माझ्याकडे, आणि जमेल तेवढं उतरवून घ्यायचं. त्याचं अक्षर मोत्यांसारखं. माझं अक्षर काकू वाण्याच्या यादीलासुद्धा वापरू देत नाही.

यू. शेजारच्या बाकावर बसतो. रोल नंबर एकतीस. वडील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, मी ज्यांच्याकडे राहतो त्या काकांसारखेच, फक्त दुसऱ्या खात्यात. चष्मा, किडकिडीत, आणि आवाज असा की प्रो.सा. वाचायला नेहमी त्यालाच उठवतात. कविता त्यानं वाचली की न कळलेलीही कळल्यासारखी वाटते. मी वाचलं की प्रो.सा. म्हणतात, "शुक्रिया, तशरीफ रखिए."

१३ जुलै
छंद. मी बोटांवर लघु-गुरू मोजत होतो, यू. त्याच्या गझलेच्या मापानं. दोघांची उत्तरं वेगळी आणि दोन्ही चूक. प्रो.सा. हसत सुटले. "अंग्रेज़ न इन की सुनता है न आप की. वो तो ये देखता है कि ज़ोर कहाँ पड़ा." परत येताना अडिकमेटपासून काचीगुड्यापर्यंत आम्ही दोघं ओळी म्हणत आलो, जोर पडेल तिथे पाय आपटत. एक टांगेवाला थांबून बघत राहिला.

या शहरात येऊन तीन वर्षं झाली. इतकं हसलो नव्हतो.

१६ ऑगस्ट
काल तिकडे स्वातंत्र्याला वर्ष झालं. इथे चिडीचूप. काकांनी खिडक्या लावून घेतल्या आणि रेडिओ इतका हळू ठेवला की मला फक्त खरखर ऐकू आली.

आज तास संपल्यावर यू. म्हणाला, "तीन दिन नहीं आऊँगा. मेरी हाज़िरी बोल देना यार." त्याची हजेरी आधीच कमी पडतेय, परीक्षेला बसू देणार नाहीत. कुठे चाललास, विचारलं. "घर का काम है." बस्स. दुसऱ्याची हजेरी बोलणं यात नवल नाही, प्रत्येक बाक बोलतो. मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं इतकंच. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

१९ ऑगस्ट
मंगळ, बुध, आज गुरुवार. तीन दिवस एकतीस नंबरला "हाज़िर जनाब" म्हटलं, थोडं नाकातून, तो म्हणतो तसं. प्रो.सा. रजिस्टरमधून मान वर काढत नाहीत. आज मात्र क्षणभर लेखणी थांबली असं वाटलं. वाटलंच असेल.

शोकांतिका. नायकाचा विनाश त्याच्याच चुकीतून. प्रो.सा. म्हणाले, मोठी चूक शोधू नका, छोटी शोधा. लिहून घेतलं. दोन प्रती काढल्या, एक यू.साठी.

शेजारचा बाक रिकामा असला की तास किती लांब होतो.

२१ ऑगस्ट
यू. आला. उन्हानं काळवंडलेला, टाच सोललेली. प्रो.सा.नी वाचायला उठवलं तर म्हणाला घसा बसलाय. खरंच बसला होता. मी विचारलं काय रे. "धूल." नोट्स दिल्या. त्यानं घेतल्या, शुक्रिया म्हणाला नाही. मला राग आला. मग स्वतःचाच आला, हिशेब ठेवल्याबद्दल.

१८ सप्टेंबर
पाच दिवसांत सगळं आटोपलं. काल संध्याकाळी रेडिओवर शरणागती. हिंदुस्थानची फौज आज शहरात. काकूनं गल्लीत साखर वाटली, काका दारात उभे राहून रडले, मला माहीत नव्हतं ते रडतात. सुलतान बाजारात झेंडे. मी गेलो, ओरडलो, घसा बसेपर्यंत. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. मला दोघातिघांनी मारल्या, नाव न विचारता.

येताना यू.च्या गल्लीवरून आलो. एकूण एक दार बंद. त्याच्या दारापर्यंत गेलो. कडी वाजवली नाही. काय म्हणणार होतो? अभिनंदन?

९ ऑक्टोबर
यू.ला पकडून नेलं. चार दिवस झाले म्हणे. मला आज कळलं, तेही कॉलेजच्या फाटकावर. बिदरच्या वाटेवर एक गाव आहे, तिथे ऑगस्टमध्ये संस्थानाच्या बाजूचे हत्यारबंद खाकीवाले शिरले होते (नावं लिहीत नाही, सवय झाली आहे). माणसं मारली, कडब्याच्या गंजी जाळल्या. गावकऱ्यांच्या अर्जात एक कॉलेजचा पोरगा आहे. कुणीतरी यू.चं नाव घातलं.

काकांना विचारलं, ऑगस्टमध्ये कधी? म्हणाले, "तुला काय करायचंय? तुझं नाव कुठं यायला नको."

२६ नोव्हेंबर
कॉलेज परत सुरू. वर्ग अर्धा. पुढच्या वर्षापासून सगळे विषय इंग्रजीतून होणार म्हणतात. माझ्या तीन वर्षांच्या उर्दू वह्यांचं काय करायचं, बंब पेटवायला बऱ्या आहेत, असं काकू थट्टेनं म्हणाली.

आज भाषेचा इतिहास. परके राजे इंग्लंड जिंकतात, दरबारात त्यांची भाषा, शेतात हरलेल्यांची. प्रो.सा. एवढं बोलले आणि थांबले. वर्गात कुणी कुणाकडे बघेना. ते लखनौकडचे, बावीस वर्षं इथे, आणि आता त्यांचीच भाषा बाहेर चालली आहे. मग म्हणाले, "इम्तिहान में पूछा जाता है. याद कर लीजिए." आणि तासाआधी उठून गेले.

मला त्यांच्यामागे जाऊन काहीतरी बोलावंसं वाटलं. मराठीत काय बोलायचं ते माहीत होतं.

८ जानेवारी १९४९
काकांनी काम आणलं. खाकीवाल्यांच्या चौकशीसाठी मद्रासकडचे एक साहेब आलेत. त्यांना उर्दू येत नाही, मराठी येत नाही. कचेरीतल्या उर्दू जाणणाऱ्यांवर त्यांचा भरवसा नाही. काका म्हणाले, "माझा पुतण्या आहे, इंग्रजीचा बी.ए., उर्दू फर्डी, आपल्यातला." अजून बी.ए. व्हायचा आहे हे सांगितलं नाही.

सकाळी कॉलेज, दुपारी कचेरी. इतके दिवस विचारत होतो की ही इंग्रजी शिकून करायचं काय. मिळालं काम.

११ जानेवारी
आज गठ्ठ्यातून आमचंच रजिस्टर निघालं. दुसरं वर्ष, इंग्रजी.

यू.च्या वडिलांनी अर्ज दिला आहे: ज्या तीन दिवशी खाकीवाले त्या गावात होते म्हणतात, त्या दिवशी माझा मुलगा वर्गात होता, हजेरी बघा. तारखा फसली सनाच्या, संस्थानच्या सरकारी वर्षाच्या. मेहर महिन्याचा दुसरा आठवडा. साहेब म्हणाले, त्याच्या इंग्रजी तारखा काढ आणि प्रत्येक दिवसापुढे काय लिहिलं आहे ते भाषांतर कर, बाकी काही नको.

काढल्या. सतरा, अठरा, एकोणीस ऑगस्ट. दोनदा काढल्या, फसलीचे दिवस मागेपुढे होतात म्हणून. तेच.

एकतीस नंबरापुढे तिन्ही दिवस प्रो.सा.च्या बारीक अक्षरात हाज़िर. तो आवाज माझा होता.

आज भाषांतर पुरं केलं नाही. साहेबांना सांगितलं डोकं दुखतंय. खरंच दुखत होतं.

१२ जानेवारी
सकाळपासून विचार करतो आहे. रजिस्टरात जे आहे ते लिहिणं ही लबाडी नाही, भाषांतर आहे. पण जे आहे ते खोटं आहे आणि ते मला ठाऊक आहे. मी बोललो तर यू. अडकणार. नाही बोललो तर सुटणार. तो तिथे होता की नाही, हे मात्र मला माहीतच नाही. आईला घेऊन दर्ग्याला गेला असेल. लग्न जमवायला गेला असेल. कुणा मुलीपायी गेला असेल. तीन दिवस उन्हात कुठेही जाता येतं.

विचारलं असतं तर. "घर का काम" म्हणाला आणि मी मान डोलावली. कुणीतरी आपल्याला काम सांगतंय याचाच आनंद इतका होता.

१३ जानेवारी
त्या गावचा एक माणूस जबानीला आला. तुकाराम नाव, पन्नाशीचा. मराठी. त्याचं बोलणं इंग्रजीत करायला मीच.

साहेबांना यायला वेळ होता. व्हरांड्यात माझ्याशेजारी बसला. "तुमी कुठलं म्हनायचं?" गाव सांगितलं. परभणीकडचं ऐकून त्याचा चेहराच फुलला. "मंग तर आपलंच मानूस. म्या चार रोज झालं हितं हाय, पर कुनाचं बोलनं कळंना अन माझं कुनाला उमगंना." फडक्यातली भाकरी काढली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर ठेचा. घराबाहेर माझ्याशी माझ्या भाषेत कुणी बोलून किती दिवस झाले असतील. भाकर मोडली आणि तशीच हातात धरून बसलो.

जबानी. गावचावडीपुढे सगळ्यांना बसवलं. खाकीवाल्यांतल्या मोठ्यांच्या हातात बंदुका. एका पोरानं कागद वाचून दाखवला, कुणी कुणी काय द्यायचं, कुणी कुणी गाव सोडायचं. तुकारामच्या भावानं मधे तोंड उघडलं. त्याला तिथेच मारला.

साहेबांनी विचारलं, मुलगा कसा होता. मी मराठीत विचारलं.

"चष्मा व्हता. बारीक अंगाचं. त्यानं कुनाला हात लावला न्हाई, खोटं कशाला बोलू. निस्तं वाचलं. पर आवाज लई ग्वाड व्हता पोराचा. म्हनून ध्येनात ऱ्हायलं. भाऊ मेला, अन मला त्यो आवाज याद हाय."

मी साहेबांकडे बघून सांगितलं: चष्मा, सडपातळ, कुणाला मारलं नाही, कागद वाचला. मग थांबलो. साहेब म्हणाले, एवढंच? आवाज चांगला होता म्हणतो, असं मी सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. आवाजाचा पुरावा काय धरायचा.

जाताना तुकारामनं माझा हात धरला. "समदं बराबर सांगितलं न्हवं?" म्हटलं, "हो काका." खोटा शब्द एकही सांगितला नव्हता.

चष्मे शंभर पोरांना आहेत. आवाजही असतील चांगले. हे शंभरदा स्वतःला सांगून झालं.

१५ जानेवारी
भाषांतर दिलं. तीन दिवस, तिन्ही ठिकाणी हजर. खाली सही: मूळ नोंदीबरहुकूम खरं. साहेबांनी शाबासकी दिली, इंग्रजी स्वच्छ आहे म्हणाले. दोन वर्षांत इंग्रजीसाठी मिळालेली पहिली शाबासकी.

भित्रा आहे मी. मैत्रीसाठी केलं असं लिहायला घेतलं होतं, ते खोडतो. हजेरी खोटी बोलली हे कळलं तर माझं वर्ष जाईल, तेही आहेच यात. किती टक्के हे, किती टक्के ते, ठरवता येत नाही.

२० जानेवारी
निबंधाचा तास. संपल्यावर प्रो.सा.नी थांबवलं. वर्ग रिकामा झाला. खडूचे हात झटकत म्हणाले, "सुना है आप ने हमारे रजिस्टर का तर्जुमा किया."
"जी."
"सही किया होगा."
"जो लिखा था, वही, जनाब."
मग म्हणाले, "बाईस साल से हाज़िरी ले रहा हूँ, बरख़ुरदार. सर उठाता नहीं, मगर आवाज़ें पहचानता हूँ."

मला वाटलं आता पुढचं बोलतील. ते म्हणाले, त्या दिवसांत गैरहजेरी मांडायची त्यांची हिंमत नव्हती. कोण कुठे जातं, कोण कुणाचा आहे, सांगता येत नव्हतं. म्हणून जो आवाज आला तो लिहिला. "क़लम मेरा, आवाज़ आप की," म्हणाले. यूसुफनंतर मीच त्यांचा चांगला विद्यार्थी, हेही म्हणाले. पहिल्यांदाच. असल्या वेळी.

मी विचारलं, "मैं क्या करूँ, जनाब?" त्यांनी छत्री उचलली. मार्चअखेर ते नोकरी सोडून लखनौला परत चाललेत. "मुझ से मत पूछिए. मैं ख़ुद यही पूछता फिरता हूँ."

म्हणजे यू.शिवाय हे माहीत असलेले आता आम्ही दोघं. एकटं वाटणं कमी व्हायला हवं होतं. झालं नाही.

४ फेब्रुवारी
तुकारामचं गाव सारखं मनात. मी ते पाहिलेलंही नाही. आमच्याच गावाची चावडी डोळ्यांपुढे येते आणि खाली बसलेले बाबा.

अभ्यास शून्य. शोकांतिकेचा प्रश्न येणारच: नायक स्वतः किती जबाबदार, उदाहरणांसह चर्चा करा. पानभर लिहिलं आणि टाकून दिलं.

११ फेब्रुवारी
यू. सुटला. काकांनी जेवताना सांगितलं, ताकाचा भुरका मारत. हजेरीच्या आधारावर सोडलं. गठ्ठा अजून बंद नाही झालेला. साहेब पुढच्या शनिवारी, एकोणीसला, मद्रासला जायच्या आधी शेवटची सही करतील, मग संपलं. काकू म्हणाली, "बरं झालं, त्याची आई बिचारी..." आणि मला दुसरी भाकरी वाढली.

चार महिने यू. आत होता. मी एकदाही भेटायला गेलो नाही.

१५ फेब्रुवारी
तो आला. दुपारी चार वाजता, स्वतःहून, माडीवर. केस कापलेले, आणखी वाळला आहे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मिठी मारली. काकूनं चिवडा दिला. त्यानं सगळा खाल्ला, मग बशीतले शेंगदाणे वेचून वेचून.

मी बोलत सुटलो. कोणता भाग परीक्षेला आहे, छंदाचे किती गुण, माझी निबंधाची वही घेऊन जा, प्रो.सा. चालले. तो ऐकत होता. मग म्हणाला, "अब्बा बोले, तर्जुमा तू किया."
"हो."
"तू ने एक बार भी नहीं पूछा मैं कहाँ था."

मी वहीची पानं चाळत राहिलो. तो जवळ सरकला. अगदी हळू म्हणाला, "बोलूँ?"

किती महिने हेच ऐकायचं होतं. तिथे होतो म्हणाला असता तर मला शनिवारच्या आत कचेरीत जावं लागलं असतं. नव्हतो म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला नसता. हे दोन्ही मला त्याच क्षणी कळलं आणि तोंडातून निघून गेलं, "नक्को."

तो मागे सरकला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मैं वहाँ नहीं था ऐसा समझता, तो नक्को कैकू बोलता तू?"

मला उत्तर द्यायला वेळ होता. त्यानं वेळ दिला. चपला घातल्या, वही तिथेच ठेवली, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत उतरला. मी हाक मारली नाही. खालून काकूचा आवाज, "अरे, चहा टाकलाय, निघाला का तो?"

हो म्हटलं, निघाला.

साहेब शनिवारी जाणार. आज मंगळवार.